बाळंतिणीची पेंड

म्हशीला बाळंतीण समजून तिची पेंड भाजणारा माणूस अख्ख्या मावळात एकच निघाला, टाकव्याचा कोंडाजी. घाटातून विजेची आगगाडी नवी नवी धावू लागली होती, तेव्हाची गोष्ट. शेंगदाण्याची पेंड तो खापरात घालून काळी होईस्तोवर भाजायचा. कच्चं जड, भाजलेलं हलकं, एवढं बाळंतिणीच्या खाण्यावरून त्याला ठाऊक. वास असा सुटायचा की शेजारचा गेणू ओरडायचा, "आबा, म्हशीचं केळवण हाय का?"

"ओली बाळंतीण हाय ती. हसू नगंस."

कोंडाजीची लेक शालू माहेरी बाळंत झाली आणि पाचवीआधीच गेली. तिच्यासाठी भाजलेलं खोबरं तसंच राहिलं. मागं उरली तान्ही नात. शालूच्या सासू, तिकोणा पेठेच्या रतनबाई, म्हशीकडं बघून म्हणाल्या होत्या, "इवाई, दूध पुरंल तवर ठिवा पोर. न्हाई पुरलं तर आमी नेऊ."

म्हैस पेंडीवर तुटून पडे, निवांत रवंथ करी आणि रोज थोडं कमी दूध देई. कोंडाजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. पेंड कच्ची राहत असेल म्हणून आणखी भाजली. दूध पाजायचं बोंडलं रिकामं झालं तरी नात ते सोडीना.

शेवटी गेणूनं खापरातला तुकडा मोडून पाहिला.

"आबा, एकाच पोत्यातली पेंड आपली. मी भिजवून घालतो, माजी म्हस दूध देतीया. तुमी पार करपवली. करपल्यालं पोट भरतं, अंगी लागत न्हाई. जळकी भाकर खाऊन तुमाला ताकद यील का?"

कोंडाजीकडं न भाजलेली पेंड उरलीच नव्हती. गेणूनं पाटीभर आणून दिली. "उसनी हां, आबा. फुकट न्हाई."

दुसऱ्याच दिवशी रतनबाई आल्या. चरवीच्या तळाशी दूध दिसलं, पण त्या रागावल्या नाहीत.

"दोन दिस थांबा," कोंडाजी म्हणाला. "आता भिजवल्याली घालतोय."

"आन् दोन दिस पोर काय पिईल, इवाई?"

गेणूच्या म्हशीचं दूध रतिबाला बांधलेलं होतं. शालूच्या लुगड्याच्या तुकड्यात त्यानंच नातीला गुंडाळून दिलं.

आठवडा झाला नाही तोच चरवी भरू लागली. तिकोण्याला पोचेस्तोवर दूध नासलं असतं. कोंडाजीनं रेडकाला दाव्यातून सोडलं आणि म्हणाला, "पी बाबा, समदं तुजंच."

उन्हाळ्यात त्यानं म्हैस विकली. मग घरात पेंड कशाला येते? गेणूची पाटी भरून द्यायची तेवढी राहून गेली.