थंड डोक्याचा माणूस

चौकातल्या चष्मेवाल्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक कितीही किरकिरं असो, हा शांतपणे काच पुसत राही. त्यामुळे शेजारच्या औषधवाल्याने त्याला शेअरबाजाराचा नाद लावताना म्हटलं, "हे काम तुझ्यासारख्यालाच जमेल. फक्त घेताना ठरवून टाकायचं, इथपर्यंत पडला की विकायचा. शेअरशी लग्न लावायचं नाही."

चष्मेवाल्याने ते मनावर घेतलं. प्रत्येक खरेदीबरोबर तो मोबाइलमध्ये विक्रीचा भाव लावून ठेवी. बारीकसारीक ठोकर बसे, पण घाव खोल जात नसे. काही वर्षं बरी गेली. ते पाहून त्याच्या ताईने आपले निवृत्तीचे पैसे त्याच्या हवाली केले. ताईने उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढला होता, लग्न केलं नव्हतं. बागेला लागून एक छोटी खोली घ्यायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात न येता राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ते पैसे त्याने पंप बनवणाऱ्या एका कंपनीत घातले. एका दुपारी भाव घसरत घसरत ठरवलेल्या आकड्यापाशी आला. नेमकी तेव्हा ताई दुकानात बसली होती. खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे सांगत होती. "आपले पैसे ठीक आहेत ना रे?" तिने सहज विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला, आणि काउंटरखाली अंगठ्याने मोबाइलमध्ये लावलेला विक्रीचा भाव काढून टाकला.

भाव आणखी पडला. स्वस्त मिळतोय म्हणून त्याने आणखी घेतले. मग काच घासायचं मशीन गहाण टाकून घेतले. कपाळावर आठी नाही. उलट तो गिऱ्हाइकांशी जास्तच गोड बोलू लागला, आणि बायकोला संशय आला तो त्यामुळेच. एकदा त्याने एका म्हाताऱ्याच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. म्हातारा परत आला तेव्हा हा म्हणाला, "सवय होईल हळूहळू." बायको आतून ऐकत होती.

"काय झालंय?" तिने त्याला गाठलं.

"काही नाही. डोकं थंड ठेवायला हवं."

"डोकं थंड नाही तुमचं. बधिर झालंय."

शेवटी कंपनीला टाळं लागल्याची बातमी आली आणि उरलंसुरलं मातीमोल झालं. खोलीचा मालक पैशांसाठी ताईच्या मागे लागला होता. ताई दुकानात आली. या वेळी त्याला 'उत्तम' म्हणता येईना. त्याने सगळं सांगितलं, काच पुसायचं फडकं पिळत.

तिने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. मग विचारलं, "तुला कळलं कधी?"

"तू खिडकीचं सांगत होतीस, त्या दुपारी. तेव्हा सुटलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं."

"मग?"

"तू समोर बसली होतीस, ताई. तोंड उघडेना."

"अरे, चाळीस वर्षं वॉर्डात काढली मी. आयांना त्यांची मुलं गेल्याचं सांगितलंय. मला तुझा तोटा ऐकवला नसता होय?" तिचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. पिशवी उचलून ती निघून गेली.

खोली हातची गेली. गुडघे दुखायला लागल्यावर ताईला याच्याच घरी यावं लागलं. गहाण टाकलेलं मशीन सुटलं नाही. काचा आता तो दुसऱ्याकडून घासून आणतो, आणि नफ्यातला निम्मा हिस्सा तिथेच जातो. महिन्याला जमेल तेवढं तो ताईच्या हातावर ठेवतो. ती न मोजता उशीखाली सारते.

औषधवाल्याने एकदा विचारलं, "पुन्हा थोडं थोडं सुरू करतोस का?"

"नको. मला तोटा सहन होतो, सांगता येत नाही," तो म्हणाला.

घरात नणंद-भावजयीचं छान जमतं. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येतो. तो आत गेला की त्या गप्प होत नाहीत, बोलत राहतात. पण मग हवापाण्याचं बोलतात.