जीपला इंजिन शोधताना

उद्यमनगरातून जाताना आज लेथवर कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा तो ओला, कडवट वास आला आणि माझी पावलं मंदावली. कुणाला मोगऱ्याच्या वासानं हुरूप येतो, मला या वासानं येतो. काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा त्यात अजून ताजा आहे.

आमची जुनी जीप राधानगरीकडच्या वाड्यांवरचं दूध गोळा करायची. चुलते चालवायचे. दुधाच्या कॅनांमध्ये अंग चोरून बसत मी गारगोटीला कॉलेजला गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या जीपनं घडवला, असंच मी मानतो. तिचं इंजिन निकामी झालं तेव्हा चुलत्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारपातूर दुसरं इंजिन बसलं तर बसलं. न्हाईतर सोमवारी भंगारात." बोलताना त्यांनी जीपकडं पाहिलं मात्र नाही.

मग उद्यमनगरात सुरू झालं इंजिनासाठी स्थळं बघणं! एक इंजिन ताकदवान, पण बॉनेटखाली मावेना. दुसरं मावेल, पण क्लच प्लेटचे दाते आमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेनात. शेवटी मोडीत निघालेल्या एका प्रवासी गाडीचं इंजिन सापडलं. तिथल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी आमच्या गिअरबॉक्सच्या तोंडाला ग्रीस फासलं, त्यावर पुठ्ठा दाबला आणि उमटलेला ठसा त्या इंजिनाच्या पाठीला लावला. बोल्टाच्या भोकावर भोक येत गेलं तसा मी मोजत गेलो. सगळी जुळली!

"पावणं, छत्तीस गुण जुळलं की!" मिस्त्री ओरडले. आम्ही तिघंही त्या पाठीच्या जुळणीत एवढे रमलो होतो, की पोटाकडं कुणी पाहिलंच नाही. शनिवारी साखळीनं इंजिन खाली सोडलं आणि ते अधांतरीच अडलं. त्याच्या तळाचा तेलाचा चेंबर पुढच्या बाजूला फुगीर होता. तो थेट एक्सलवर टेकला.

"आता ही सासू आडवी पडली न्हवं!" मिस्त्री कपाळाला हात लावून हसले. मला हसू येईना. चुलते चपला सरकवून बाहेर पडले. मला वाटलं, भंगारवाल्याला सांगायलाच गेले.

दिवस कलताना ते परतले. सदरा काळाकुट्ट, बगलेत एक चेंबर. हेच इंजिन एका टेम्पोतही असतं आणि त्याचा चेंबर मागच्या बाजूला फुगीर असतो, हे त्यांनी बाजारभर विचारून शोधलं होतं. तेल ओढणारी आतली नळीही त्याच टेम्पोची आणली होती. मी बघतच राहिलो. "बघतोस काय? धर की!" ते खेकसले.

रविवारी इंजिन अलगद बसलं. पहिला धूर निघाला, थरथर स्टिअरिंगपर्यंत आली आणि चुलत्यांनी गावापर्यंत जीप कुणाला चालवायला दिली नाही.

घरी मात्र दारात कुणी नव्हतं. एरवी वळणावर जीपचा आवाज आला, की चुलती चुलीवर आधण ठेवून बाहेर यायची. हॉर्न वाजवल्यावर आली, ती पदराला हात पुसत, चकित होऊन. "व्हय ओ, आवाजावरनं कुणाची गाडी म्हणायची ही?"

"आपलीच की!" चुलते म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा हलका झाला.

वर्षानुवर्षांची सवय अशी एका दिवसात परकी होते. आम्ही गुण जुळवले ते लोखंडाचे. कानांना मात्र आपल्या गतीनंच जुळावं लागलं. ते नेमकं कधी जुळलं, सांगता येणार नाही. एका संध्याकाळी आम्ही वळण घेतलं आणि चुलती दारात उभी होती.