ठोका ऐकणारे तारबाबू

“शब्द सोड, ठोका आयक,” असं म्हणून तारबाबू उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर आपटायचे. रेडिओ समोर असायलाच हवा असं नव्हतं. चहाच्या टपरीवर, बसच्या फाट्यावर, एकदा तर मयताच्या घरी ओट्यावर बसल्या बसल्या. बायकोने गुडघा दाबला तेव्हा कुठे थांबले.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. वाशीमपासून बसने तासाभरावरच्या एका गावी मी पोस्टात नवा कारकून म्हणून रुजू झालो होतो. ते तिथे तारा घ्यायचे, पाठवायचे. पन्नाशी ओलांडलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, केसांना खोबरेल चोपडलेलं. अशा माणसाला भजनाची नाहीतर कव्वालीची आवड असेल असं तुम्हालाही वाटलं असतं. यांना रॉकचं वेड होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी नागपूरच्या तारघरात एक ख्रिश्चन सोबती होता, त्याच्या खोलीवर रेकॉर्ड ऐकताना ते लागलं आणि मग सुटलं नाही.

घरी बुद्धाच्या तसबिरीखाली एक जुना मोठा रेडिओ होता, काचेमागे हिरवा दिवा असलेला. संध्याकाळी त्यावर कुठलंसं परदेशी केंद्र लागायचं. इंग्रजी निवेदक भरभर बोलायचा, त्यामुळे गाण्यांची नावं त्यांना कळायची नाहीत. मग त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती. एक ‘मालगाडीवालं’, एक ‘उपाशी माणसाचं’, एक ‘दार आपटून गेलेल्या बाईचं’. वहीत तशी नोंद करत. “काल दार आपटून गेलेली लागली होती,” असं त्यांनी सकाळी भर पोस्टात सांगितलं, तेव्हा रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं.

गाणं एकट्याने ऐकणं त्यांना जमत नसे. पोस्टमन दोन वेळा बसून गेला आणि तिसऱ्यांदा डोकं दुखतं म्हणाला. मग मी सापडलो. मला सुरुवातीला त्यात नुसती आरडाओरड ऐकू यायची.

“बाबूजी, हे लोक इतके काहून ओरडतात?”

“तुले दुखलं तर तू हळू ओरडशीन का?”

एक म्हातारा गिटारवाला त्यांचा खास. साठी ओलांडलेला, अमेरिकेतला काळा माणूस. लांब केसांची गोरी पोरं त्याची गाणी वाजवून नाव कमावत आणि त्याला गुरू मानत, इतकं त्यांनी निवेदकाच्या बोलण्यातून टिपलं होतं. आणखी एक गोष्ट कळली होती. हा माणूस लहानपणी कापूस वेचायचा.

“माही माय बी येचे,” ते म्हणाले. “बोंडाच्या काट्यानं बोटं फाटत तिची. अन् हा त्याच बोटानं वाजोते, बाप्पा. साठीचा हाये, अजून उभा राहून वाजोते.”

त्या म्हाताऱ्याचं गाणं लागलं की ते रेडिओसमोर उभे राहत. मीही उठायचो. पुढे पुढे आपणहून.

याच सुमारास माझ्या लक्षात यायला लागलं. तार येताना यंत्राची कडकट्ट चालू असे आणि ते मान वाकडी करून कान अगदी जवळ नेत. पलीकडच्याला पुन्हा पुन्हा तोच शब्द पाठवायला सांगत. मी मागून हाक मारली तर ओ देत नसत. घरी रेडिओ इतका मोठा लावत की शेजारचे खिडकी लावून घेत. मला कळलं होतं, पण मी बोललो नाही. त्यांची नोकरी म्हणजे कानच. कुणाला आणि कसं सांगणार होतो?

मग एके दिवशी आसेगावकडचा एक म्हातारा तारेचा कागद घेऊन खिडकीशी आला. त्याचा पोरगा फौजेत होता. बदलीच्या गावी जाताना त्याची गाडी अकोल्याला तासभर थांबणार होती, भेटायला या, अशी तार होती. म्हातारा-म्हातारी डबा घेऊन गुरुवारी स्टेशनवर दिवसभर बसली. पोरगा आलाच नाही.

“बाबूजी, पुन्हा वाचून पाहा ना. गुरुवारच हाये ना? मग तो आला काहून नाही?”

तारबाबूंनी कागद वाचला. त्यांच्याच अक्षरात गुरुवार होता. चार दिवसांनी पोराचं पत्र आलं. तो मंगळवारी फलाटावर उभा राहून वाट पाहत होता. इंग्रजीत दोन्ही वारांची सुरुवात आणि शेवट सारखाच. मधलं काहीतरी त्यांच्या कानातून निसटलं होतं.

मी त्यांना बाजूला घेतलं. “लाइन खराब होती म्हणा. कोण विचारते?”

“लाइन चांगली होती,” ते म्हणाले. “मी खराब हावो.”

ते उठून पोस्टमास्तरांकडे गेले आणि ऐकू येत नसल्याचं लिहून दिलं. रविवारी त्या गावी जाऊन म्हाताऱ्यापुढे हात जोडले. मी सोबत होतो. म्हातारा रागावला नाही, त्याने चहा पाजला. “पुढच्या सुट्टीत भेटन पोरगा,” म्हणाला. पुढच्या सुट्टीत पोरगा आला तेव्हा म्हातारा राहिला नव्हता.

तारबाबूंना यंत्रावरून उठवून शिक्के मारायला बसवलं. वर्षभरात उरलंसुरलं ऐकूही गेलं. बोटांचा ठोका बंद झाला. संध्याकाळी निघताना मात्र माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवायचे : ये, ऐकून सांग.

मग मी रेडिओपाशी बसून हातवारे करून सांगायचो. आता ढोल. आता बाई ओरडली. आता गिटारवाला म्हातारा, एकटाच. ते माझ्या तोंडाकडे बघत, कधी विचारत, “तारेवरून बोट घसरवलं का त्यानं?” मी मान हलवायचो.

एका संध्याकाळी केंद्र लागेना. काटा इकडेतिकडे फिरवला, नुसती खरखर. ते समोर शर्टाची बटणं लावून तयार बसले होते. माझ्याने सांगवेना. मी म्हणालो, म्हातारा लागला. ते उभे राहिले. मीही उभा राहिलो आणि पंधरा-वीस मिनिटं त्या खरखरीवर एक अख्खं गाणं रचून सांगितलं. ते रेडिओकडे टक लावून उभे होते.

“मस्त वाजोलं,” ते शेवटी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या बायकोला रेडिओ विकायचा होता, म्हणून मी तो वाशीमला एका मेकॅनिककडे नेला. त्याने तो लावून पाहिला, काचेमागच्या हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “याचा डोळा चांगला हाये, साहेब. टेशन लागलं का मिटते. नाही लागलं तर असा उघडाच राह्यते. बहिऱ्या माणसालेही समजते.”

मी त्या उघड्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिलो. त्या संध्याकाळी ते पूर्ण वेळ त्याच्याकडेच पाहत होते. आणि मी निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, “उद्या बी येजो.”