किल्ली देण्याआधी

आमचे हे कंपनीची बस चालवायचे. पहाटे पिंपरीहून रिकामी गाडी घेऊन निघायचे आणि कुरुळी, निघोजे या गावांतले पहिल्या शिफ्टचे कामगार घेऊन परत कारखान्यात यायचे. आम्ही मूळचे बीडकडचे. ड्रायव्हर म्हणून यांना मान होता. वळणावर गाडी अशी घ्यायचे की उभ्या माणसाचाही तोल जायचा नाही.

दारू कधी लागली ते नेमकं सांगता येणार नाही. आधी सुट्टीच्या दिवशी, मग शिफ्ट संपल्यावर, मग सकाळच्या चहाच्याही आधी. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. शेजारणींना पत्ताही नव्हता. पण सकाळी उठले की हात असे थरथरायचे की सदऱ्याची बटणं मी लावून द्यायची. दोन घोट पोटात गेले की हात शांत. मग तेच हात स्टिअरिंगवर.

त्या सुमारास दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची बस पुलाच्या कठड्याला धडकली. ड्रायव्हर प्यायलेला निघाला. आमच्या कंपनीनंही मग नियम काढला. किल्ली देण्याआधी वॉचमननं प्रत्येक ड्रायव्हरचं तोंड हुंगायचं. संशय आला तर कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढं उभं करायचं. सापडला तर गाडी बंद. मला वाटलं, आता भीतीनं तरी सोडतील.

सोडली नाही. घोट घेतला की वर कच्चा कांदा चावायचे, मग लवंग. वॉचमन रोज यांच्याबरोबर चहा पिणारा. तो हुंगल्यासारखं करायचा आणि किल्ली द्यायचा.

एक दिवस यांनी भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. कामगार पुढच्या दांड्यांवर आपटले. एकाचा दात पडला. घरी येऊन मलाच विचारायला लागले, "अगं, समोर बैल होते ना? मी बघितले ना?" कामगार म्हणत होते, रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारात आडवी उभी राहिले. "आज जाऊ नका. आजारी आहेत म्हणून मी कळवते."

"घरी बसलो की सगळ्यांना कळतं," एवढंच म्हणाले आणि मला बाजूला सारून गेले.

स्टोव्ह विझवला आणि मागोमाग निघाले. गेटवर पोचले तेव्हा हे बसमध्ये चढले होते.

"वहिनी, घरला जावा," वॉचमन हळूच म्हणाला. "म्या हुंगलंय. वास न्हाई."

"भाऊ, तुम्हाला येत नसेल. मला रोज येतो."

"नोकरी जाईल त्याची. लेकरं हायती तुमची."

मी जाऊन बसच्या पुढं उभी राहिले. काचेतून हे माझ्याकडे बघत होते. हॉर्न दिला नाही. थोड्या वेळानं इंजिन बंद केलं.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली, आवारातल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायला सांगितलं. हे सरळ चालत गेले, सरळ वळून आले. तोंडाला कांद्याचा वास.

"बाई, माणूस ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "घरात काही भांडण झालंय का?"

कुणीतरी हसलं. पण मागं फिरायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "साहेब, यांना दुपारपर्यंत इथंच बसवा. कुठं जाऊ देऊ नका. मग हात बघा."

यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं वाटलं असतं. नुसती भीती होती.

बस दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. ऊन चढत गेलं. यांना घाम फुटला, पाय हलायला लागले. सरकत माझ्याजवळ आले. "घरी चल. तुझ्या पाया पडतो गं. पुन्हा नाही पिणार, पण आत्ता चल." लग्न झाल्यापासून यांनी माझ्यापुढं कधी हात जोडले नव्हते. मी पदर तोंडात धरून बसून राहिले.

दुपारी डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तो तोंडापर्यंत गेलाच नाही. सगळं पाणी छातीवर. नंतर त्याच बाकावरून हे खाली पडले, फिट आली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कॉटला बांधून ठेवलेले, आणि ओरडायचे, "उतरा! सगळे खाली उतरा!" मी पायाशी बसून असायचे.

जगले. पण बस गेली ती गेलीच. ओळखीच्या एका मुसलमान मिस्त्रींनी चाकणच्या आपल्या गॅरेजात घेतलं. "भाऊ, पार्ट धुवा, ग्रीस भरा," ते म्हणाले. "चालवायचं तेवढं मागू नका." मी एका कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागले. काही महिने हे न पिता राहिले. मग पुन्हा सुरू.

एकदा जेवताना म्हणाले, "तू बरं केलंस असं मी कधी म्हणणार नाही. मला तेवढंच एक काम येत होतं."

"नका म्हणू," मी म्हटलं आणि भाकरी वाढली.

पन्नाशीच्या आतच गेले. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. गावाहून सासूबाई आल्या. पोराची भाकरी मी घालवली असं त्यांचं ठाम मत होतं. मयताच्या दिवशीही त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही काही समजावायला गेले नाही.