एक शेड उजळ मिळणार नाही

पावडर चाळताना कितीही जपा, थोडी उडतेच. संध्याकाळी बघावं तर टेबलावर, मोबाईलवर, भुवयांवर तिचा थर! किस्स्यांचंही तसंच आहे. मी ते जमवायला बसले नव्हते. मी बसले होते माणसाच्या कातडीला जुळणारं मिनरल फाउंडेशन बनवायला. किस्से आपोआप साचले.

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर घरचे म्हणाले, बी.एड. कर. मी खल आणला, बारीक चाळणी आणली आणि सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला. अभ्रकाची पूड, झिंक ऑक्साइड, आणि लाल, पिवळा, काळा असे लोखंडाचे तीन ऑक्साइड. एवढ्यावर जगातला कुठलाही माणूस जुळवता येतो! आणि दुकानात जाऊन बघा. डब्यांवर नावं मध, मोती, हस्तिदंत. आपल्या जिल्ह्यात हस्तिदंताच्या रंगाचं कोण आहे हो?

म्हणून मी बोर्ड लिहिला: 'रंग जुळवून मिळेल. एक शेड उजळ मिळणार नाही.'

बोर्ड तयार, जागा नाही. नगरला सावेडीत शालनताईंचं पार्लर आहे. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं, पण अट घालून.

"ए सायन्स," त्या मला पहिल्या दिवसापासून हेच म्हणतात, "अठरा वर्षं मी ह्या गावाची तोंडं रंगवतीय. 'एक शेड उजळ' न मागनारी बाई अजून बघायचीय मला."

"तुम्ही कधी विचारलंच नसेल!"

"बरं. लग्नाचा सीझन संपेपर्यंत टेबल तुझं. तवर एक बाई, एकच, तुझं भाषन न ऐकता सोताहून म्हनली की 'मला माझाच रंग दे', तर टेबल कायमचं तुझं. न्हाई तर तिथं मी फेशियलचा पलंग टाकनार!"

नुसतं बोलून थांबल्या नाहीत. त्याच आठवड्यात पलंगवाला आला, कोपऱ्याचं माप घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात रेक्झिनचे नमुने घेऊन पुन्हा आला. दोन्ही वेळा 'मालकीणबाई, मालकीणबाई' करत शालनताईंसमोर तासभर बसला आणि दोन-दोन कप चहा प्यायला. आणि मी चार हातांवर बसून पावडर चाळत होते!

शालनताईंबद्दल एक सांगायला हवं. त्यांचा चेहरा दुधी आणि मान गव्हाळ. मध्ये हनुवटीखालून एक सरळ रेषा, जणू दोन तालुक्यांची हद्द! शटर उघडायला येतानाच त्या पावडर लावून आलेल्या असायच्या. पावडरीशिवाय त्यांना बघितलेलं माणूस आमच्या दुकानांच्या लायनीत नव्हतं. आणि त्या रेषेबद्दल बोलायची हिंमत माझ्यातसुद्धा नव्हती.

*

रंग जुळवायचा तर सूर्यप्रकाशात. ट्यूबलाइटखाली सगळं खोटं दिसतं. म्हणून मी पार्लरच्या पायरीवर एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. जबड्याच्या कडेला तीन वेगवेगळ्या शेडचे पट्टे ओढायचे, दहा मिनिटं थांबायचं, आणि जो पट्टा दिसेनासा होईल तो तुमचा!

कोल्हारच्या एक काकू आल्या. शेतात राबणाऱ्या. चेहरा उन्हानं रापलेला. मी पट्टा ओढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि दंड पुढं केला.

"हितलं घे. ह्यो माझा खरा रंग."

दंड खरंच दोन शेड उजळ. बाहीखाली ऊन जातच नाही!

"काकू, पावडर चेहऱ्याला लावायची आहे ना? मग चेहऱ्याचाच रंग घ्यायला पाहिजे."

"तोंड वावरातलं हाय. दंड माहेरचा."

मी सुरू झाले. उन्हानं रापलेला रंग कमीपणाचा नाही, तो कष्टाचा आहे, त्याची लाज कसली, वगैरे वगैरे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लाज कुनाला हाय? धाकट्या भावाचं लगीन हाय. धा वर्सांनी चाललीय. तिथल्यांनी मला वळखाया नको व्हय?"

मला केमिस्ट्री शिकवलीय, माहेर नाही!

काकूंना मी चेहऱ्याचाच रंग दिला, बोर्ड तो बोर्ड. पण त्यांच्या डबीवर नाव लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल करते.

*

लोक विचारतात, हे कशापासून बनतं? मी खरं सांगते, मला खोटं येत नाही.

"लोखंडाच्या गंजापासून."

पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं ह्या एका वाक्यावर उठून गेली!

शालनताईंनी कपाळावर हात मारला. "अगं गंज काय म्हनतीस? खनिज म्हन, खनिज!"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, खनिज. समोरच्या बाई म्हणाल्या, "म्हंजी मुरूम?"

मग एकदा राजूरकडच्या एक आजी आल्या. नातीचं कॉलेजचं काम होतं. नात झेरॉक्सच्या रांगेत आणि आजी माझ्या स्टुलावर. त्यांनी लाल ऑक्साइडच्या बरणीत बोट घातलं, चोळलं, वास घेतला.

"हा गेरू हाय."

"बरोबर, आजी! जवळपास तेच."

"आमी ह्यानं भिंती रंगवतो. तुमी तोंडं." थोडा विचार करून म्हणाल्या, "चांगलं हाय. भिंतीला पाऊस लागला की जातो, तोंड रोज धुवावंच लागतं."

मी शालनताईंकडं विजयी मुद्रेनं बघितलं. पण आजींनी रंग मागितलाच नव्हता. म्हणून अटीत धरलं नाही!

*

आता माझी चूक. लपवणार नाही.

एक नवरी मुलगी आली. लग्न झालेलं, सासरी जायच्या आधी डबी हवी होती. स्टुलावर बसवलं, पट्टे ओढले. जुळेना! पिवळा टाकला. जुळेना! आणखी पिवळा. कातडीच्या आतल्या छटेसाठी एवढा पिवळा आजवर कुणाला लागला नव्हता. शेवटी जुळला. मी इतकी खूश, की वहीत लिहून ठेवलं: 'दुर्मिळ अंडरटोन. अभ्यास करणे.'

पाच दिवसांनी फोन.

"ताई, मला सासूबाईंनी दवाखान्यात आणलंय."

"का गं? काय झालं?"

"कावीळ झाली म्हणून!"

माझं धाबं दणाणलं. "मग डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी डोळे बघितले, जीभ बघितली. मग गालावरून बोट फिरवलं, ते बोट बघितलं आणि म्हणाले, तोंड धुवा."

मी फोन ठेवला. शालनताई आरशातून बघत होत्या. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं.

"सायन्स, पोरगी आली त्याच्या दोनच दिवस आधी काय हुतं तिचं?"

"काय होतं?"

"हळद!"

तिला मी नवी डबी कुरियरनं पाठवली. आणि बोर्डावर दुसरी ओळ आली: 'हळदीनंतर आठ दिवस रंग जुळवून मिळणार नाही.' ही ओळ शालनताईंनी स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर माझ्यापेक्षा मोठं काढलं.

*

सीझनचे शेवटचे पंधरा दिवस राहिले. तिसगावची एक मुलगी आई आणि दोन आत्यांसह आली. मुलगी सावळी, नवरा मुलगा गोरा. आत्यांचं म्हणणं, जोडा फोटोत शोभला पाहिजे.

"दोन शेड उजळ करा," मोठी आत्या म्हणाली.

मी बोर्ड दाखवला. आत्यांनी बोर्डाकडं पाठ केली. मग मी जे बोलायला लागले ते अर्धा तास बोलले! चहा आला, थंड झाला, तरी बोलत होते. शेवटी मुलगीच म्हणाली, "बास ताई, मला माझाच द्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तोंड धुतल्यावर घरात कुणी 'ही कोण?' म्हणून विचारायला नको."

मी टाळी वाजवली. "शालनताई, ऐकलंत?"

शालनताई हसल्या नाहीत. आरसा पुसत होत्या, तेवढाच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही धरायची न्हाई. भाषन झालंय."

चार दिवसांनी एक उंच, गोरा मुलगा मोटरसायकल लावून थेट आत आला. हातात त्याच मुलीची डबी!

"मॅडम, ह्या रंगाचं मला पन करून द्या."

"तुम्हाला?"

"सगळे म्हनतेत फोटोत लई फरक दिसतो, तिला उजळ करा. ती न्हाई म्हनती. मग म्हटलं, कुनीतरी एकानं सरकलं पायजे ना!"

मी काही बोलायच्या आत शालनताई म्हणाल्या, "अरं भाऊ, पावडरीला कशाला पैसे घालवतो? लग्नाला अजून दहा दिवस हायेत. टोपी काढून कांदे भर, फुकटात हुतंय!"

तो गंभीरपणे म्हणाला, "व्हय की!" आणि गेला.

मी शालनताईंचा हात धरला. "आता बोला! भाषण नाही, काही नाही, स्वतःहून आला. उजळ नाही, उलट सावळा मागितला!"

"आला खरा," शालनताई म्हणाल्या. "पन अट बाईची हुती. हा बाप्या हाय."

*

सीझनचा शेवटचा दिवस. हिशेब सोपा होता: मागणारी बाई शून्य. पलंग बारा वाजता येणार होता.

हरल्यावर रडायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. खल धुतला, बरण्या कागदात गुंडाळल्या. बोर्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवला, कारण जिथं जागा मिळेल तिथं तो आधी लागणार होता. जागा कुठं मिळेल हे माहीत नव्हतं, पण लागणार होता!

काटा गुंडाळायला घेतला तर शालनताई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. एक गिऱ्हाईक हाय."

मी दाराकडं बघितलं. कुणीच नाही.

शालनताई बेसिनकडं गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आल्या, माझ्यासमोरून गेल्या आणि पायरीवरच्या स्टुलावर जाऊन बसल्या. भर उन्हात, रस्त्याकडं तोंड करून.

"ये की. ट्यूबलाइटला खोटं दिसतं ना?"

मी धावत बाहेर गेले. खूप काही बोलायचं होतं. तोंड उघडलं.

"भाषन नको," त्या म्हणाल्या. "मला माझाच रंग दे."

मी बरण्यांचे कागद सोडले. लाल, पिवळा, चिमूटभर काळा. काटा स्थिर होईना, दोनदा वजन केलं. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढले.

"दहा मिनिटं हनुवटी वर धरून बसायचं. हलायचं नाही."

"म्हाईत हाय."

पहिला पट्टा पांढरट पडला. दुसरा तांबूस. तिसरा मी शोधत राहिले. जुळला की दिसत नाही.

तेवढ्यात टेम्पो आला. पलंगवाला उतरला, घाम पुसला, पार्लरमध्ये डोकावला, आत कुणी दिसेना. मग स्टुलावरच्या बाईकडं वळला.

"ओ मावशी, मालकीणबाई कुठं गेल्यात? पलंग आनलाय त्यांचा."

शालनताईंनी हनुवटी तशीच वर धरली होती.

"मालकीणबाई आत्ताच आल्यात," त्या म्हणाल्या. "पलंग परत न्यायला सांगितलाय त्यांनी."