ताडपत्रीखालच्या गाड्या

मामूंना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यात एकदाही त्यांनी स्टिअरिंग हाती धरलं नाही, पण जुन्या मोटारींवर त्यांच्याइतकी माया करणारा माणूस मी पाहिला नाही. एका जहागीरदाराकडे ते मोटारी पुसायला होते. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला गेले ते परतलेच नाहीत. मोटारी शेडमध्येच राहिल्या आणि मामू मोटारींपाशी. बऱ्याच वर्षांनी एका कारखानदारानं त्यांतल्या तीन घेऊन गारखेड्याला पत्र्याच्या शेडमध्ये छोटंसं संग्रहालय काढलं. मोटारींबरोबर मामूही आले. मी तिथं तिकिटं द्यायला होतो.

सकाळी आल्या आल्या मामू प्रत्येक गाडीचं दार उघडून गादीला नाक लावत. ओल कुठं धरलीय ते त्यांना वासावरून कळे. टायर बसू नयेत म्हणून गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या होत्या, तरी ते रोज चाकं हातानं फिरवत. म्हणत, "गाडी चालून मरत नाय, उभ्यानं मरती."

एकदा एक नवरदेव फोटोसाठी गाडीत बसायला निघाला. मामूंनी त्याचा हात धरला. "बेटा, हिची हाडं लाकडाची हायेत. म्हातारीच्या मांडीवर बसतं का कुणी?"

पुढं मामूंचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी ते लेकीकडे शेंद्र्याला निघाले, ते नेमके पावसाळ्याच्या तोंडावर. शेड गळायचं. जाताना त्यांनी तिन्ही गाड्यांवर ताडपत्र्या बांधल्या आणि मला म्हणाले, "भाऊ, दर हप्त्याला उघाड बघून ताडपत्री काढ. दोन घंटे वारं लागू दे. नायतर आतल्या आत सडतील."

पहिले दोन हप्ते मी काढली. दोरीच्या गाठी भिजून घट्ट व्हायच्या, नखं दुखायची. पावसात बघायलाही कुणी फिरकत नव्हतं. तिसऱ्या हप्त्यापासून मी सोडून दिलं.

दसऱ्यानंतर मामू आले. त्यांनी ताडपत्री ओढली तसा कुबट भपकारा आला. दार उघडायला गेले तर बिजागरीसकट हातात आलं. पत्र्याआतल्या सांगाड्याचं लाकूड भिजल्या भाकरीसारखं चुरत होतं. तिन्ही गाड्यांची तीच गत.

"उघडत होतास नं?" त्यांनी विचारलं.

"दर हप्त्याला," मी म्हणालो.

मामू तिथंच फरशीवर बसले.

मालक आले आणि माझ्यावर भडकले. मामू मधे पडले. "साहेब, याचा कसूर नाय. यानं लई जपल्या. गाड्यांचीच उमर झाली होती." मालकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. संग्रहालय बंद झालं, गाड्या भंगारात गेल्या. मला कारखान्याच्या गेटवर नोकरी मिळाली. मामूंसाठी मात्र कुणाकडे काही काम नव्हतं.

खरं सांगून टाकायचं असं ठरवून मी एका रविवारी शेंद्र्याला गेलो. मामू बाजेवर पडून होते, निम्मे झाले होते. मला बघून उठून बसले आणि लेकीला म्हणाले, "चहा टाक. ह्योच तो, माझ्या मागं गाड्या सांभाळणारा."

मी चहा प्यालो आणि परत आलो. पंधरा दिवसांनी मामू गेल्याचा निरोप आला.