बुधवारच्या ओट्यावरचा देव

चर्चच्या पाळकाच्या घरी किस्से फार जमतात. लोक देवाशी बोलायला येतात आणि ऐकायला मीच सापडतो! कोल्हारजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, दर बुधवारी संध्याकाळी माझ्याच ओट्यावर भरतो, त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा.

नवीन वर्षाच्या उपासनेत आमच्याकडे प्रत्येक जण ताटातून बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलतो. वर्षभरासाठी देवानं दिलेला शब्द म्हणून ती जपतात. एकदा रिटायर कंडक्टर बाबूरावांच्या चिठ्ठीत संकटं निघाली. त्यांनी ती शांतपणे परत टाकली आणि दुसरी उचलली. देवानं दिलेलं बदलता येतं का, असं मी विचारलं.

“हात बी त्यानंच दिलाय की,” बाबूराव म्हणाले.

*

एका बुधवारी दोन सख्खे भाऊ आले. थोरल्याचा कांदा काढून रानात पडलेला, त्याला पाऊस नको होता. धाकट्याला ज्वारी पेरायला ओल हवी होती. दोघंही मलाच प्रार्थना करायला सांगू लागले. मी म्हटलं, आधी तुम्ही बांधावर बसून ठरवा, सर्वसमर्थ झाला म्हणून त्याचे किती हाल करायचे!

*

मग माझी बायको मालन आजारी पडली. सगळ्या मंडळीनं उपास धरला, तरी ती गेली. मातीला आलेला जो तो म्हणाला, “देवाची इच्छा.” इतकी वर्षं मीही हेच म्हणत आलो होतो. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

पुढच्या शास्त्राभ्यासात मी बोलून गेलो, की ही त्याची इच्छा नव्हती. तो कुणावर जबरदस्ती करत नसावा, आणि त्यालाही हवं ते सगळं मिळत नसावं. मग दर बुधवारी माणसं कमी होत ओटा रिकामा झाला. बाबूराव म्हणे टपरीवर सांगत होते, “पाळकाचा देव रिटायर झाला.” मला हसू आलं, पण ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

*

एका बुधवारी सतरंजी अंथरून एकटाच बसलो होतो. आज कुणी आलं नाही तर शास्त्राभ्यास बंद, असं ठरवलं होतं. दिवस मावळताना मंडळीतल्या रूथमावशी काठी टेकत आल्या. मालनशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. हातात जेवणाचा डबा होता. मी बायबल उघडलं, तर म्हणाल्या, आधी जेवा. मी बायबल मिटून डबा घेतला. तुम्हाला देवानंच पाठवलं, असं सवयीनं तोंडून गेलं.

“पाठवलं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “त्यानं इचारलं. मागल्या बुधवारी मी न्हाई म्हनले हुते.”